स्त्रीबीजाची पारख : नजरेपासून जनुकांच्या अभिव्यक्तीपर्यंत

परभणी जिल्ह्यातील शेतकरी ज्या गाईला वळू दाखविला अथवा कृत्रिम रेतन केले ती गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली, तर 'गाय उलटली' असे म्हणतो. ह्या शब्दप्रयोगात दोष कोणाचा हे सांगितलेले नाही. तो कधी वळूच्या माथी मारला जातो, कधी रेतन करणाऱ्याच्या हातावर, कधी वैरणीवर आणि पुष्कळदा गाईच्या नशिबावर. ज्या स्त्रीबीजापासून वासरू व्हावयाचे ते बीजच मुळात कसदार होते किंवा नाही, हा प्रश्न गोठ्यात विचारला जात नाही. आणि त्यात नवल नाही, कारण ते बीज कोणी पाहिलेले नसते. अंडे म्हटले की डोळ्यांपुढे कोंबडीचे येते. गाईचे अंडे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढे असते आणि ते अंडाशयाबाहेर पडते तेव्हा त्याची वार्ता खुद्द गाईलाही नसते.

ह्या अदृश्य वस्तूची पारख करण्याच्या खटपटीचा इतिहास सुमारे साडेतीनशे वर्षांचा आहे. डच वैद्य रेनिए द ग्राफ ह्याने १६७२ मध्ये अंडाशयावरील पाण्याने भरलेल्या पुटकांचे वर्णन केले. पण पुटकालाच अंडे समजण्याचा घोटाळा पुढे दीडशे वर्षे चालला. १८२७ मध्ये कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर ह्याने कुत्रीच्या पुटकातील खरे स्त्रीबीज सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. १८९० मध्ये वॉल्टर हीप ह्याने एका सशिणीचे भ्रूण दुसरीच्या उदरात वाढविले. ह्या सर्व संशोधनात बीज आहे की नाही एवढाच प्रश्न होता. ते चांगले की वाईट, हा प्रश्न फार उशिरा उद्भवला.

तो उशिरा का उद्भवला ह्याचे कारण पशुपैदाशीच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकात पशुसुधारणेची सारी भिस्त नरावर होती. भारतात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत संपत कुमारन ह्यांनी कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग केला. १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स ह्यांनी ग्लिसरॉलच्या साहाय्याने वीर्य गोठविण्याची युक्ती शोधली, आणि एका वळूपासून हजारो वासरे मिळणे शक्य झाले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' ह्या संस्थेने गोठविलेले वीर्य खेडोपाडी नेले. वीर्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला की शुक्राणूंची संख्या मोजता येते, त्यांची चाल पाहता येते, विकृत किती तेही सांगता येते. वळूची परीक्षा अशी रोज होऊ लागली. गाईच्या वाट्याला मात्र नुसती अनुमाने आली. माज वेळेवर येतो, झाड पडते, वासरे देते, यापलीकडे तिच्या बीजाविषयी कोणास काही ठाऊक नव्हते.

परभणीचा पशुविज्ञानाचा इतिहास ह्याच काळातील आहे. जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्याच वर्षी परभणीस कृषी महाविद्यालय निघाले. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. त्याच वर्षी पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. ज्या वर्षी दावणीची जनावरे चाऱ्यावाचून विकली गेली त्या वर्षी पशुविज्ञानाच्या ह्या पीठाचा आरंभ व्हावा, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ नागपूरला स्थापन झाले आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच्याकडे गेले. आरंभीच्या काळाचा ओढा संकराकडे होता. होलस्टीन फ्रिजियन व देवणी ह्यांच्या संयोगातून परभणीस तयार झालेली 'होलदेव' ही संकरित गाय त्या विचाराची खूण होय. तीतही विदेशी गुण आला तो वळूच्या वाटेनेच.

ह्या मुलखाचे स्वतःचे गोधन दोन नावांनी ओळखले जाते. लाल कंधारी ही गडद तांबड्या रंगाची, काटक, शेतकामाची जात. तिलाच 'लाखलबुंदा' असेही म्हणतात. तिचे मूळ कंधार, परंतु वावर परभणीपर्यंत आहे. दुसरी देवणी. तिच्यात बालंक्या, वानेरा व वाघ्या हे तीन प्रकार रंगावरून पाडले जातात आणि तिच्या घडणीत गीर व डांगी ह्यांचा अंश असल्याचे मानतात. यांखेरीज मराठवाडी म्हैस आहेच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हे जनावर पाहावे. शिंग, वशिंड, खूर, कासेची ठेवण, कातडीचा सैलपणा, डोळ्यांतील पाणी ह्यांवरून जाणता माणूस क्षणात किंमत करतो आणि ती पुष्कळदा बरोबर ठरते. ही नजरेची पारख पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. कारण प्रयोगशाळेतही स्त्रीबीजाची पहिली पारख अशीच नजरेने झाली.

१९७९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात लाइबफ्रीड व फर्स्ट ह्यांनी गाईच्या पुटकांतील स्त्रीबीजांची त्यांच्या बाह्य रूपावरून वर्गवारी केली. स्त्रीबीजाभोवती क्युम्युलस नावाच्या पेशींचे दाट वेष्टन असते. ते अखंड व घट्ट असेल, आतील पेशीद्रव्य एकसारखे असेल, तर बीज चांगले. वेष्टन विरळ, तुटके वा विस्कटलेले असेल तर कमी प्रतीचे. उघडे पडलेले बीज टाकाऊ. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी हीच वर्गवारी थोड्याफार फरकाने स्वीकारली, आणि आजही सकाळी अंडाशये आली की विद्यार्थी प्रथम हेच पाहतो. १९८१ मध्ये ब्रॅकेट ह्यांच्या प्रयोगातून कृत्रिम फलनाचे पहिले वासरू जन्मले. त्यानंतर काही वर्षांत अपक्व बीज बशीतच पक्व करून वासरे मिळू लागली. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्ये कृत्रिम फलनाने जन्मलेल्या म्हशीच्या पारड्यास 'प्रथम' असे नाव ठेवले गेले, ते यथार्थच होते.

परंतु बशीतील हिशेब नजरेच्या पारखीवर अविश्वास दाखवू लागला. गाईची शंभर अपक्व स्त्रीबीजे घ्यावीत, सारी देखणी, सारी अखंड वेष्टनाची. त्यांतील नव्वदाच्या आसपास पक्व होतात, ऐंशीच्या आसपास फलित होऊन विभागू लागतात, आणि सात-आठ दिवसांनी कोरकपुटी अवस्थेपर्यंत, म्हणजे गर्भाशयात ठेवण्याजोग्या भ्रूणापर्यंत, पोहोचतात ती तीस ते चाळीस. म्हशीत हा आकडा आणखी खाली येतो. गळती होते ती फलनाच्या पायरीवर फारशी नव्हे, त्यानंतर. शंभर सारख्या दिसणाऱ्या बीजांतील साठ वाटेतच का थांबतात?

उत्तर शोधताना प्रथम नव्या खुणा पुढे आल्या. १९९४ मध्ये लोनर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सहा मिलिमीटरहून मोठ्या पुटकांतील बीजे लहान पुटकांतील बीजांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात कोरकपुटी देतात. १९९५ मध्ये फेअर, हिटेल व ग्रेव्ह ह्यांनी गाईच्या बीजाचा व्यास सुमारे ११० मायक्रोमीटर झाल्यावर त्यास पूर्ण पक्व होण्याची पात्रता येते, असे नोंदविले. डुकरिणीच्या बीजांवर १९९३ मध्ये एक निळा रंग वापरला गेला, ब्रिलियंट क्रेसिल ब्लू. वाढत असलेल्या बीजातील एक विकर ह्या रंगाचा नाश करते, आणि ज्याची वाढ पुरी झाली त्यात ते विकर मंदावलेले असल्याने बीज निळे राहते. ही चाचणी पुढे शेळी व गाय ह्यांवरही वापरली गेली. ती स्वस्त आहे, बीज जिवंत राहते, आणि साध्या प्रयोगशाळेत चालते. हिची उपेक्षा जितकी झाली तितकी होऊ नये, असे वाटते.

तथापि ह्या साऱ्या खुणा कारणाच्या दाराशी येऊन थांबतात. आतील गोष्ट निराळी आहे. गाईच्या भ्रूणाचे स्वतःचे जनुक आठ ते सोळा पेशींच्या अवस्थेत खऱ्या अर्थाने कामाला लागतात. तोवरचे तीन-चार दिवस भ्रूण आईने बीजात भरून ठेवलेल्या सामग्रीवर चालतो. ह्या सामग्रीत प्रथिने आहेत आणि संदेशवाहक आरएनए आहे, म्हणजे कोणते प्रथिन केव्हा बनवावयाचे ह्याच्या आज्ञा. बीज पूर्ण वाढले की त्यातील नव्या आज्ञा लिहिण्याचे काम जवळजवळ बंद पडते; वर उल्लेखिलेल्या ११० मायक्रोमीटरच्या सीमेचा अर्थ हाच. त्यापुढे नवे काही बांधून घेता येत नाही. लांबच्या प्रवासास निघालेल्याने घरूनच शिदोरी घ्यावी, वाटेत ना बाजार ना चूल, अशी ही स्थिती आहे. आणि शिदोरी कमी पडली तर प्रवासी कोठे बसेल हे ठरलेलेच आहे. २००२ मध्ये रिझोस व सहकाऱ्यांनी गाईच्या शरीरात पक्व झालेली आणि बशीत पक्व केलेली बीजे पडताळून पाहिली, तेव्हा किती भ्रूण तयार होतील हे बीजाच्या मूळ गुणावर ठरते आणि झालेले भ्रूण कसे निपजतील हे वाढीच्या वातावरणावर, असा निर्वाळा निघाला.

मग शिदोरी उघडून पाहणे क्रमप्राप्त झाले. पीसीआर पद्धत १९८३ मध्ये मलिस ह्यांना सुचली होती. तीमुळे एका बीजातील अत्यल्प आरएनएही मोजण्याइतका वाढविता येऊ लागला. उंदरांत स्त्रीबीजाच्या जनुकांची ओळख पटत गेली. जीडीएफ-९ हे जनुक नसलेल्या उंदरिणीची पुटके आरंभीच्या अवस्थेतच खुंटतात हे १९९६ मध्ये दिसले; 'मेटर' नावाचे जनुक आईच्या बीजात नसेल तर भ्रूण दोन पेशींपुढे जात नाही हे २००० मध्ये. क्यूबेकमधील लाव्हाल विद्यापीठात सिरार ह्यांच्या गटाने हाच शोध गाईच्या बीजात व पुटकात चालविला. अभिव्यक्ती म्हणजे जनुकाची आज्ञा प्रत्यक्ष किती प्रमाणात लिहिली गेली आहे हे मोजणे, आणि त्या मोजमापावरून बीजाचा कस सांगणे, हा नव्या पारखीचा गाभा होय.

येथे एक मोठी अडचण उभी राहिली, आणि ती तर्काची होती. बीजातील आरएनए मोजावयाचा तर बीज फोडावे लागते. फोडलेले बीज उत्तम होते असे कळले, तरी त्यापासून वासरू होणार नाही. धान्याचा प्रत्येक दाणा फोडून पाहिला तर पेरावयाचे काय? ह्या पेचातून वाट निघाली ती त्याच वेष्टनातून, ज्याच्याकडे नजरेची पारख करणारे आरंभापासून पाहत होते. क्युम्युलस पेशी बीजाला सूक्ष्म धाग्यांनी जोडलेल्या असतात. त्यांच्यामार्फत पोषण आत जाते आणि बीजाचे संकेत बाहेर येतात. बीजाची प्रकृती कशी आहे ह्याची साक्ष त्या पेशी देऊ शकतील, आणि त्या काढून घेतल्या तरी बीज जिवंत राहील. २००४ मध्ये मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या बीजांभोवतीच्या क्युम्युलस पेशींत हास-२, कॉक्स-२ व ग्रेम-१ ह्या जनुकांची अभिव्यक्ती जास्त असली तर भ्रूण चांगले निपजतात असे दाखविले. २००८ मध्ये सिरार ह्यांच्या गटातील असिदी व सहकाऱ्यांनी गाईत ह्याच जातीच्या खुणांची यादी दिली.

त्याच वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठातून बेट्टेगौडा व सहकाऱ्यांचे जे काम आले ते यांहून एक पाऊल पुढचे आहे. कालवडींच्या, म्हणजे अजून वयात न आलेल्या जनावरांच्या, बीजांचा कस कमी असतो हे जुनेच ज्ञान. त्या बीजांभोवतीच्या क्युम्युलस पेशींत कॅथेप्सिन नावाच्या, प्रथिने तोडणाऱ्या विकरांची अभिव्यक्ती अधिक आढळली. मग बीज पक्व होत असताना ह्या विकरांना रोखणारे द्रव्य घातले, आणि कोरकपुटींचे प्रमाण वाढले. म्हणजे जी केवळ खूण समजली जात होती ती काही अंशी कारणही निघाली. जनुकांच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध झाल्या आहेत. यादीतील नाव हाती धरून बीज सुधारता येते असे दाखविणारी कामे फार थोडी. एका प्रयोगशाळेची यादी दुसरीच्या यादीशी क्वचितच पूर्ण जुळते. जनावराची जात, वय, पुटकाचा आकार, ऋतू, वाढीचे द्रव, आणि तुलनेसाठी स्थिर म्हणून घेतलेले जनुक खरोखर स्थिर आहे की नाही, ह्यांपैकी काहीही बदलले तरी आकडा बदलतो.

जनुक आणि जनुकाची अभिव्यक्ती ह्यांत विद्यार्थी नेहमी गफलत करतात. तो भेद समजण्यास महाराष्ट्रातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे बी. व्ही. निंबकर ह्यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढी आणून तिच्यातील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत उतरविले. फेक-बी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या जनुकाचा फेरफार मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे, हे २००१ मध्ये निश्चित झाले. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियास गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर तो तेथील बुरुला मेंढीत पोहोचला असावा असे मानतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने चाचणी करून, कोकरू लहान असतानाच त्याच्या रक्तावरून हे जनुक त्यास लाभले की नाही हे सांगता येऊ लागले. एक बदललेले अक्षर, आणि मेंढीच्या एका माजात सरासरीने जवळजवळ एक बीज अधिक सुटते. हे जनुक त्या मेंढीच्या प्रत्येक पेशीत जन्मभर सारखेच असते. उन्हाळा येवो की दुष्काळ, त्याचे अक्षर बदलत नाही. अभिव्यक्तीचे तसे नाही. ती प्रत्येक बीजागणिक निराळी, आणि त्याच गाईच्या आश्विनातील व वैशाखातील बीजांतही निराळी. फलटणच्या चाचणीने किती बीजे सुटतील हे कळते. सुटलेले बीज कसे आहे हे नव्हे.

आता प्रश्न येतो तो ह्या सर्व ज्ञानाच्या उगमाचा. वर उल्लेखिलेली गाईची बहुतेक मोजमापे ज्या अंडाशयांवर झाली ती कत्तलखान्यातून आलेली होती. विस्कॉन्सिन, क्यूबेक, आयर्लंड, डेन्मार्क येथे मांसासाठी गाई मारल्या जातात आणि अंडाशये टाकाऊ म्हणून फुकट मिळतात. भारतात हेच काम म्हशीवर झाले. कर्नालचे संशोधक दिल्लीच्या कत्तलखान्यातून कोमट क्षारजलात अंडाशये आणीत. म्हशीच्या अंडाशयातील बीजांचा साठा मुळात दहा ते वीस हजारांच्या घरातला, गाईच्या मानाने फारच थोडा. एका अंडाशयामागे उत्तम प्रतीचे बीज सरासरीने एकही मिळत नाही. गाईविषयी कायदा निराळा आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधास बंदी झाली आणि २०१५ मध्ये ती बैल व वळू ह्यांनाही लागू झाली. त्या धोरणाचा ऊहापोह येथे प्रस्तुत नाही. परिणाम एवढाच की लाल कंधारी व देवणी ह्यांची अंडाशये प्रयोगशाळेच्या टेबलावर सहजगत्या येत नाहीत, आणि परदेशी गाईवरून काढलेल्या खुणा त्यांना तशाच लावण्याचा मोह होतो. झेबू वंशाच्या गाईंच्या बीजांचे विपुल ज्ञान जमले ते ब्राझीलमध्ये, आंध्रातील ओंगोल व काठियावाडातील गीर ह्यांच्या तेथे गेलेल्या वंशजांवर. गाई येथून गेल्या. त्यांच्या बीजांची माहिती येथे परत येते ती छापील कागदावरून.

परभणीच्या जातींचे बीज जिवंत गाईकडूनच मागावे लागते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे पीटर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये योनिमार्गातून ध्वनिलहरींच्या साहाय्याने पुटक पाहून सुईने बीज ओढून घेण्याची पद्धत वर्णिली. ती आठवड्यातून दोनदाही करता येते आणि गाय गोठ्यात परत जाते. ह्या मार्गाचा एक लाभ कत्तलखान्याच्या मार्गास कधीच नव्हता. कत्तलखान्यातील अंडाशयास इतिहास नसतो. ते कोणत्या जातीच्या, किती वयाच्या, कितव्या वेताच्या जनावराचे, त्याचा माज कधी होऊन गेला, ह्यातले काही कळत नाही. जिवंत गाईची वंशावळ, वेते, आहार व उलटण्याची नोंद हाताशी असते, आणि अभिव्यक्तीचा आकडा ह्या नोंदीशी पडताळता येतो. उणीव वाटणारी गोष्ट अशा रीतीने उपयोगीही पडू शकते.

पण सुईची ओढ जोराची झाली की क्युम्युलसचे वेष्टन फाटते आणि ज्या पेशींची साक्ष काढावयाची त्या नळीत विखुरतात. शिवाय साक्ष बीजागणिक घ्यावयाची तर प्रत्येक बीज एकेकटे वाढवावे लागते, आणि एकेकटी वाढविलेली बीजे समूहात वाढविलेल्या बीजांइतकी चांगली निपजत नाहीत. खुणेचा शोध घेण्याची पद्धतच खुणेने सांगावयाच्या गुणास बाधा आणते. ह्या दोन अडचणी मोठ्या यंत्रांनी सुटणाऱ्या नाहीत. ओढीचा दाब किती ठेवावा, थेंब केवढा असावा, अशा लहानसहान गोष्टींवर त्या अवलंबून आहेत.

त्यातून ऋतूचा प्रश्न परभणीस विशेष आहे. येथे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. इस्राएलमध्ये रोथ व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले की उन्हाळ्याने बाधलेल्या पुटकांचा परिणाम शरद ऋतूपर्यंत टिकतो. हवा थंड झाली, गाय माजावर आली, तरी जे बीज सुटते ते उन्हाळ्यात वाढीला लागलेल्या पुटकातील असते. बाधलेली पुटके सुईने वारंवार काढून टाकली तर चांगली बीजे लवकर येऊ लागतात, असेही त्यांना आढळले. ते काम होलस्टीन गाईंवरचे आहे. झेबू वंशाचे भ्रूण उष्णता अधिक सोसतात हे फ्लॉरिडातील प्रयोगांवरून ज्ञात आहे. आणि होलदेवमध्ये तर होलस्टीन व देवणी ह्या दोघींचेही रक्त आहे. तेव्हा एकाच गोठ्यातील लाल कंधारी, देवणी व होलदेव ह्यांची बीजे वैशाखात, आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर आश्विनात घेऊन, त्यांच्या क्युम्युलस पेशींतील त्याच चार-पाच जनुकांची अभिव्यक्ती शेजारी शेजारी ठेवली, तर आश्विनात उलटलेल्या गाईचा दोष वैशाखातल्या पुटकाकडे जातो की नाही, हे त्या तीन ओळींच्या तक्त्यात दिसू लागेल.